पदार्थांची देवघेव : रासायनिक विक्रियांच्या मूळ जाती

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचली. इतिहास, संतवाङ्मय, राजकारण, अर्थकारण हे या व्यासपीठाचे नेहमीचे पाहुणे. रसायनशास्त्राला येथे बोलावणे क्वचितच येते. आणि आले तरी श्रोते मनातून थोडे धास्तावतात. शाळेत पाठ केलेली समीकरणे, त्यांतले ते बारीक आकडे, आणि ते चुकल्याबद्दल हातावर बसलेली छडी, इतकेच पुष्कळांच्या आठवणीत उरलेले असते. म्हणून आम्ही आरंभीच एक वचन देतो. या विवेचनात एकही समीकरण येणार नाही. येतील त्या कन्नडच्या परिसरात घरात, शेतात, गुऱ्हाळावर आणि सोनाराच्या पेढीवर रोज घडणाऱ्या गोष्टी. त्या ओळीने मांडल्या म्हणजे शास्त्राने पाडलेले वर्ग आपोआप नजरेस येतात, अशी आमची खात्री आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. पदार्थ एकमेकांशी भिडून नवे पदार्थ बनतात, या घटनेला मराठी विश्वकोशात 'विक्रिया' म्हटले आहे, तर शालेय पुस्तकांत 'अभिक्रिया' हा शब्द आढळतो. अर्थ एकच. आम्ही 'विक्रिया' हा शब्द वापरू. पाण्याचे बर्फ होणे किंवा साखर पाण्यात विरघळणे ही विक्रिया नव्हे. तेथे पदार्थ तोच राहतो, रूप तेवढे बदलते. दुधाचे दही होणे, लोखंड गंजणे, लाकूड जळणे या विक्रिया होत. कारण तेथे जुना पदार्थ संपतो आणि नवा जन्मतो.

भट्टीतले चव्वेचाळीस किलो

आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. येथे चुनखडकाचे डोंगर नाहीत. परंतु काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठांना पांढुरक्या खड्यांचे थर सापडतात, त्यांना आपण चुनखडी म्हणतो. जुन्या काळी वाडे, विहिरी, वेशी यांच्या बांधकामासाठी हेच खडे गोळा करून भट्टीत भाजीत, भाजलेली कळी पाण्याने विरवीत, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळीत. हा सारा उद्योग आज बहुतेक मोडला. सिमेंटने त्याची जागा घेतली. पण रसायनशास्त्र समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला गुरू दुसरा नाही.

समजा, शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घातली. सुमारे नऊशे अंश सेल्सिअसच्या आचेवर ती चांगली भाजली आणि निघालेली कळी तोलली, तर काटा छप्पन्न किलोवर थांबतो. चव्वेचाळीस किलो माल गेला कोठे? चोरी झाली म्हणावे तर भट्टीवर रात्रभर माणूस बसलेला. ओलावा उडाला म्हणावे तर खडे कोरडे ठणठणीत होते. हे कोडे युरोपातल्या विद्वानांनाही पुष्कळ काळ सुटले नव्हते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक याने तराजू हाती धरला आणि १७५६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवून दिले की, चुनखडीत एक वायू अडकून बसलेला असतो आणि भाजताना तो निघून जातो. तोच आजचा कार्बन डायऑक्साइड. गेलेले चव्वेचाळीस किलो म्हणजे हा वायू.

आता ती छप्पन्न किलो कळी पाण्यात टाका. ती फसफसते, तडकते, पाणी उकळू लागते. आणि तिचे मऊ पांढरे पीठ होते. छप्पन्न किलो कळी अठरा किलो पाणी पोटात घेते आणि चौऱ्याहत्तर किलो विरलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीत गेला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो. किती? बरोबर चव्वेचाळीस किलो. आणि घेतलेले अठरा किलो पाणी तो सोडून देतो. शेवटी भिंतीत उरते ती शंभर किलो चुनखडी! दगडापासून निघालेला चुना पुन्हा दगड झाला. जाड भिंतीत या कामाला वर्षानुवर्षे लागतात; म्हणूनच जुन्या वाड्याची भिंत पाडताना पहारीला घाम फुटतो.

या हिशेबात एक किलोही इकडचा तिकडे झालेला नाही. फ्रान्सच्या लव्हाझिए याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच दंडक सर्व विक्रियांना घालून दिला : विक्रियेत काही नवे निर्माण होत नाही आणि काही नष्टही होत नाही, असलेल्याचीच मांडणी बदलते. रसायनशास्त्राचे वर्गीकरण उभे आहे ते या पायावर. मांडणी बदलते म्हटल्यावर ती किती तऱ्हांनी बदलू शकते, एवढाच प्रश्न उरतो.

चार घरे

पहिली तऱ्हा संयोगाची. दोन पदार्थ एकत्र येतात आणि एकच नवा पदार्थ बनतो. कळी आणि पाणी मिळून विरलेला चुना झाला, हा संयोग. साखर कारखान्यात गंधक जाळतात, तेव्हा गंधक आणि हवेतला ऑक्सिजन मिळून सल्फर डायऑक्साइड होतो, हाही संयोग. चांदीचे ताट कपाटात राहून काळे पडते, कारण हवेतल्या गंधकयुक्त वायूंमधले गंधक चांदीशी जुळते. वेगळी राहणारी दोन माणसे एका चुलीवर आली, असे हे नाते.

दुसरी तऱ्हा तिच्या उलट, विघटनाची. एकाच पदार्थाचे दोन किंवा अधिक पदार्थ होतात. चुनखडीची कळी आणि वायू झाले, हे विघटन. बोअरचे जड पाणी उकळले की भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते, तेही विघटनच. त्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटतो. त्यातून वायू निघून जातो, पाणी सुटे होते आणि तळाशी चुनखडी बसते. म्हणजे आपल्या चहाच्या पातेल्यात रोज थोडीशी चुनखडी घडत असते. एका घराच्या वाटण्या झाल्या, तशी ही गोष्ट.

तिसरी तऱ्हा विस्थापनाची. एक मूलद्रव्य दुसऱ्याला त्याच्या जागेवरून हुसकून लावते आणि स्वतः तेथे बसते. याचा दाखला आमच्या शेतकरी श्रोत्यांनी पुष्कळदा पाहिला असेल. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवले, तर मिनिटाभरात त्यावर तांबूस थर चढतो. तो गंज नव्हे. ते तांबे आहे. मोरचुदात तांबे संयुगाच्या बंधनात होते. लोखंडाने त्याला बाहेर काढले आणि आपण त्या जागी गेले.

सोनारांच्या धंद्यात हीच युक्ती चालते. पेढीवरची धूळ विकत घेऊन तीतून सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी आपल्या परिचयाचे आहेत. अशुद्ध सोन्यातली चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, विरघळवली की ती पाण्यात दिसेनाशी होते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. तांबे विरघळत जाते, पाणी निळे होते, आणि चांदी करड्या कणांच्या रूपाने खाली पडते. लोखंडाने तांब्याला हुसकले, तांब्याने चांदीला. याचा अर्थ धातूंची एक उतरंड आहे. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, तांबे, चांदी, सोने अशी ती वरून खाली येते. वरचा खालच्याला हुसकतो. खालचा वरच्याला कधीही हलवू शकत नाही.

या उतरंडीच्या तळाशी सोने बसले आहे. ते कोणाला हुसकत नाही आणि सहसा कोणत्या संयुगात अडकतही नाही. म्हणून ते निसर्गात सुटे सापडते आणि शतके लोटली तरी झळाळते. आपल्या तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर, ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोन्याचा हा स्वभाव त्या कान्हदासाला दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याइतकाच ठाऊक असला पाहिजे. त्याची कारणे मात्र त्याच्यापुढे नव्हती. ती आपल्यापुढे आहेत.

याच उतरंडीचा प्रतापी दाखला घाट उतरून चाळीसगावकडे गेल्यावर रुळांवर दिसू शकतो. दोन रुळांची टोके जोडताना ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड यांचे मिश्रण पेटवतात. ॲल्युमिनियम वरचा, तो लोखंडाच्या ताब्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. ही ओढाताण इतकी जोराची असते की मोकळे झालेले लोखंड वितळून धो धो वाहते आणि फटीत भरते.

चौथी तऱ्हा दुहेरी विस्थापनाची. दोन संयुगे भेटतात आणि आपापले जोडीदार बदलतात. हिला आमच्या समाजात एक नेमका शब्द आहे : साटेलोटे. याची मुलगी त्याच्या घरात, त्याची मुलगी याच्या घरात. परंतु प्रत्येक साटेलोटे जमतेच असे नाही. अदलाबदलीतून न विरघळणारा साका खाली बसला, किंवा वायू निघून गेला, किंवा पाणी तयार झाले, तरच ही विक्रिया पुरी होते. नाहीतर दोन्ही संयुगे एकाच पाण्यात शेजारी शेजारी राहतात आणि निष्पन्न काही होत नाही.

एका बादलीत दोन जाती

या चार घरांची ओळख करून घेऊन शेतकऱ्याला काय मिळते, हे बोर्डो मिश्रणावरून चांगले कळते. फ्रान्समधल्या बोर्डो शहराच्या परिसरात द्राक्षमळे आहेत. रस्त्याकडेच्या वेलींवरचे घोस वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील बागाईतदार त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचा निळसर सडा मारीत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, एरवी बुरशीने वेली झडत असताना या सडा मारलेल्या वेली मात्र हिरव्यागार राहिल्या आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ साली हे औषध जाहीर केले. आजही मोसंबी, डाळिंब, आले पिकवणारा शेतकरी ते वापरतो.

एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी असे प्रमाण सांगतात. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्या भांड्यात, आणि मग दोन्ही एकत्र. येथे घडते ते साटेलोटे. मोरचुदातले तांबे चुन्याच्या जोडीदाराकडे जाते, त्यातून न विरघळणारा निळा साका होतो आणि तोच पानावर बसून बुरशीला थोपवतो. पण चुना जुना, हवा लागलेला असेल तर? आपण वर पाहिले की विरलेला चुना हवेतला वायू घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. असा मेलेला चुना वजनाला एक किलो भरला तरी कामाला तेवढा उतरत नाही. मग थोडे तांबे मोकळेच राहते, आणि हे मोकळे तांबे कोवळी पाने जाळून टाकते.

हे ओळखायचे कसे? आपल्या तिसऱ्या घराला विचारून. घासून लख्ख केलेले विळ्याचे पाते मिश्रणात मिनिटभर धरावे. पात्यावर तांबूस थर आला, तर तांबे मोकळे आहे. आणखी चुन्याची निवळी घालावी. पाते स्वच्छ निघाले, तर औषध फवारणीस योग्य. हे मिश्रण लोखंडी बादलीत का करू नये, याचे उत्तरही येथेच आहे. बादलीच पाते होऊन बसेल आणि औषधातले तांबे पिकाऐवजी बादलीला चढेल. साटेलोट्यात काही चूक राहिली की नाही, हे विस्थापनाने तपासता येते. ज्याला या दोन जाती ठाऊक आहेत, त्याची बाग वाचते. ज्याला ठाऊक नाहीत, त्याला दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते.

चार घरांत न मावणारे

आता एक प्रामाणिक अडचण श्रोत्यांपुढे ठेवली पाहिजे. ही चार घरे सोयीची आहेत, पण सगळ्यांना त्यांत जागा मिळत नाही. साखर जळते, तेव्हा साखर आणि ऑक्सिजन यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हा संयोग नव्हे, कारण एकाऐवजी दोन पदार्थ झाले. विघटन नव्हे, कारण आरंभीच पदार्थ दोन होते. विस्थापन म्हणावे तर कोणी सुटा होऊन बाहेर पडला नाही. म्हणून पुस्तकांत ज्वलन नावाचे पाचवे घर बांधतात. पण गरज पडेल तसे घर बांधत गेलो, तर ते वर्गीकरण राहत नाही. ती नुसती यादी होते.

याचे कारण असे की, चार घरांची वाटणी वरवर दिसणाऱ्या हालचालीवरून केलेली आहे. कोण कोठून कोठे गेला, एवढेच ती सांगते. तो का गेला, हे ती सांगत नाही. जे. जे. टॉमसन याने १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि त्यानंतर हा 'का' हळूहळू उलगडत गेला.

विळ्याच्या पात्याकडे पुन्हा पाहू. तेथे खरे काय झाले? लोखंडाच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याला दिले. देणारा पाण्यात उतरला. घेणारा धातू होऊन पात्यावर बसला. इलेक्ट्रॉन देण्याला ऑक्सिडीकरण आणि घेण्याला क्षपण म्हणतात. या दोन क्रिया नेहमी जोडीने घडतात, कारण घेणारा असल्याशिवाय कोणी देत नाही. या दृष्टीने पाहिले की साखरेचे जळणे, लोखंडाचे गंजणे, गंधकाचे पेटणे, झारेकऱ्याची चांदी आणि आपला श्वासोच्छ्वास ही सारी एकाच कुळातली ठरतात. ज्वलनाला वेगळे घर नको. ते याच कुळाचे धगधगते रूप आहे.

उलट, कळीने पाणी घेणे हा संयोग असूनही तेथे इलेक्ट्रॉनांची अशी देवघेव नाही. आणि लोखंड गंजणे हाही संयोगच, पण तेथे ती आहे. म्हणजे एका घरात राहणारे दोघे कुळाने वेगळे असू शकतात. गाव आणि गोत्र या जशा माणसाच्या दोन वेगळ्या ओळखी आहेत, तसेच हे. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

दुसरे कूळ आम्ल आणि अल्क यांचे. येथे देवघेव होते ती हायड्रोजनच्या केंद्रकाची, म्हणजे प्रोटॉनची. ही व्याख्या ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांनी १९२३ साली स्वतंत्रपणे मांडली. आम्ल देते, अल्क घेते, आणि दोघांचा कडकपणा जातो. याला उदासिनीकरण म्हणतात. हळदीवर चुना पडला की ती लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते, हे घरातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हळद येथे साक्षीदाराचे काम करते. देवघेव होते ती चुना आणि लिंबू यांच्यात.

गुऱ्हाळावरच्या गुळव्याचे सारे कसब या कुळावर उभे आहे. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. तो तसाच तापवला तर आम्लाच्या जोरावर साखरेचे रेणू फुटतात, त्यांतून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि गूळ चिकट राहतो, ढेप धरत नाही. म्हणून काहिलीत चुन्याची निवळी घालतात. ती कमी पडली तर गूळ मऊ. जास्त झाली तर गूळ काळसर. साखर कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर होते. रसात आधी चुना, मग गंधकाचा धूर. दोघे भेटतात, कॅल्शियम सल्फाइटचा साका होतो आणि तो रसातली घाण बरोबर घेऊन खाली बसतो. एका साखरेच्या दाण्यामागे गंधकाचा संयोग, चुनखडीचे विघटन आणि चुन्याचे उदासिनीकरण अशा तीन जाती राबलेल्या असतात.

तिसरी ओळख उष्णतेची. काही विक्रिया उष्णता देतात, काही घेतात. भट्टीतल्या चुनखडीला अखंड आच पुरवावी लागते; तीच कळी पाण्यात पडली की उष्णता बाहेर टाकते. आणि काही विक्रिया दोन्ही दिशांनी चालतात. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो, तो आठवा. तापलेल्या धातूवर नवसागराचे विघटन होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यांतला दुसरा भांड्यावरची ऑक्साइडची पुटे खाऊन धातू स्वच्छ करतो, म्हणून कथील चिकटते. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत गेले की पुन्हा जुळतात, आणि त्या धुरात तरंगतो तो नवसागरच. भांड्यात विघटन, वीतभर वर संयोग! आणि ही कल्हई कशासाठी, तर आंबट पदार्थ तांब्यापितळेला भिडून कळकू नयेत यासाठी. ताक कळकते तेव्हा त्यात तांब्याचे क्षार उतरलेले असतात, आणि ते पोटाला बाधतात.

ओळख चुकली तर

येथवर ऐकून एखादा श्रोता म्हणेल, नावे ठेवल्याने जगाचे काय अडले? आमचे उत्तर असे की, जात ओळखली म्हणजे पुढे काय निपजेल हे आधी कळते. आणि काही वेळा तेवढ्यावर प्राण अवलंबून असतात.

आम्ही शाळकरी असताना एका बांधकामावर चुना विरवताना पाहिले. पिंपात कळी आधी टाकली होती आणि एका तरुण गड्याने वरून एकदम घागरभर पाणी ओतले. उकळता चुना उडून त्याच्या डोळ्यांत गेला. कोणी तूप आणायला धावले, कोणी दूध. स्वच्छ पाणी मात्र हाताशी असूनही कोणाला सुचले नाही. त्याचा एक डोळा गेला. त्या दिवशी तेथे एकाला जरी ठाऊक असते की, हा उष्णता देणारा संयोग आहे आणि चुना हे तीव्र अल्क आहे, तर पाणी बेताबेताने घातले गेले असते. आणि अपघात झालाच असता तरी डोळा निदान पंधरावीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन मग त्याला दवाखान्यात नेले असते. आज आम्ही हा विषय घेतला, त्याच्या मुळाशी तो डोळा आहे.

थंडीत खोलीची दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवतात. ज्वलनाला ऑक्सिजन कमी पडला की कोळशाचे ऑक्सिडीकरण अर्ध्यावर थांबते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची जागा बळकावतो. निजलेले माणूस उठतच नाही. चुन्याच्या भट्टीच्या उबेला निजू नये, असे जुनी माणसे सांगत, त्याचेही कारण हेच वायू.

धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. गोळी कोरडी दिसते, निरुपद्रवी वाटते. पण हवेतला ओलावा तिला लागला की साटेलोटे सुरू होते : ॲल्युमिनियम पाण्याच्या भागाशी जुळते आणि फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन निघतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसे निजतात, त्या खोलीतल्या पोत्यांत या गोळ्या ठेवल्याने घरेच्या घरे बळी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. गोळीची जात ज्याला ठाऊक आहे, तो हे कधी करणार नाही. त्या प्रशिक्षित माणसाने, बंद गोदामातच वापरायच्या आहेत.

न्हाणीघर धुताना एकीकडे ब्लीचिंग पावडर आणि दुसरीकडे आम्ल असलेला द्रव एकत्र ओतला, तर क्लोरीन सुटतो. दोन्ही चांगली म्हणून दोन्ही मिसळली, हा विचार जिवावर बेततो.

आणि सर्वच तोटे इतके भयंकर नसतात; काही नुसते खिशाला लागतात. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. तो जमिनीवर तसाच पसरून ठेवला, तर मातीतल्या विकरांमुळे पाण्याशी त्याचे विघटन होऊन अमोनिया निघतो. आणि आपल्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी काळ्या जमिनीत तो हवेत उडून जाण्याचा धोका अधिक. म्हणून युरिया मातीआड करावा. स्फुरदाचे याच्या उलट. ते उडत नाही, पण जमिनीतल्या कॅल्शियमशी त्याचे साटेलोटे होऊन न विरघळणारा क्षार बनतो आणि पिकाला मिळेनासा होतो. म्हणून ते शेतभर फेकण्यापेक्षा मुळांजवळ, शेणखताबरोबर ओळीत द्यावे. एकाच पोत्यातून आलेल्या दोन अन्नद्रव्यांना दोन वेगळ्या वागणुका द्याव्या लागतात, कारण त्यांच्या विक्रियांच्या जाती वेगळ्या.

कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रावर मराठीतून पुस्तके लिहिली. हे शास्त्र आपल्या भाषेत सांगता येते, याविषयी त्यांना शंका नव्हती. आम्हांलाही नाही. संयोग, वाटणी, हुसकणे, साटेलोटे, देणे आणि घेणे हे सारे शब्द आपल्या घरातलेच आहेत; शास्त्राने त्यांना फक्त तराजूची शिस्त लावली.

तेव्हा घरी जाताना एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरून हात फिरवावा. चुनखडी फुटली, कळी विरली, आणि हवेने आपले चव्वेचाळीस किलो परत आणून दिले, तेव्हा ती भिंत उभी राहिली. हिशेब तेथे लिहून ठेवलेला आहे. तो वाचायला शिकावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.